खंडेनवमीचा खर्ज

"आंतरपाट जरा खाली घ्या, नवरीचे पाय दिसाय लागलेत!" मगदूम सर खुर्चीतून ओरडले आणि नंदूमामा पोट धरून हसला.

नवरी म्हणजे तबकड्या वाजवायचं नवं टर्नटेबल. त्याच्या शेजारी, त्याच लाकडी टेबलावर, जुनं. दोन्हींच्या पुढे मी आणि शोभामामीनं दोरी बांधून तिच्याच लग्नातला आंतरपाट टांगला होता. मधलं कुंकवाचं स्वस्तिक फिकट गुलाबी झालं होतं. सर पलीकडे बसणार, अलीकडे मी एकच तबकडी कधी या यंत्रावर, कधी त्या यंत्रावर लावणार, आणि सरांनी नुसत्या कानानं सांगायचं, नवं की जुनं.

"मंगलाष्टकं म्हणू का?" सर म्हणाले.

"आधी ओळखा, मग म्हणा," मी म्हटलं.

मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन नुकतीच पुण्याहून इचलकरंजीला परतले होते. दिवाळीनंतर बंगळूरला संशोधनासाठी जायचं होतं. मधल्या काळात करण्यासारखं काहीच नव्हतं आणि डोक्यात नुसते प्रयोग घुमत होते. मामाचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. खाली मुरदंडेकाकांची यंत्रमागाची शेड, वर मामाची खोली, आणि खोलीत भिंतभर रेकॉर्डी. लहानपणी मी तिथंच पडून गाणी ऐकायची.

मगदूम सर हायस्कूलमधले निवृत्त चित्रकला शिक्षक. 'कानोसा' नावाच्या ब्लॉगवर ते टर्नटेबल, सुया, स्पीकर यांची परीक्षणं लिहायचे. पुण्या-ठाण्याचे लोक त्यांना विचारल्याशिवाय सुईसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांची भाषा चित्रकाराची. एखाद्या स्पीकरचा आवाज 'धुतलेल्या पाटीसारखा', एखाद्या सुईचा 'लिंबाच्या सालीसारखा'. या नव्या टर्नटेबलबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'याच्या पायाखाली कातळ आहे. असा जांभळा, जमिनीतून उगवणारा खर्ज मी आजवर ऐकला नाही.' मामानं ते तीनदा वाचून दाखवलं आणि महिन्याभरात खोकं घरात आलं.

सगळं ठीक होतं. पण मामानं जुनं यंत्र बेळगावच्या होसमनींना द्यायचा शब्द दिला होता. होसमनी जुनी यंत्रं जमवायचे. आज दुपारी ते जीप घेऊन येणार होते.

जुनं यंत्र मामीच्या वडिलांनी जोडलेलं होतं. ते मिरजेला रेडिओ दुरुस्त करायचे. सागवानी पेटी त्यांनी स्वतः रंधली होती. पेटीखाली चार कोपऱ्यांना चार रबरी वळी होती, सायकलची ट्यूब कापून, टोकं चिकटवून, आत हवा भरलेली. दर खंडेनवमीला मामी छोट्या पंपानं त्यात हवा मारायची आणि वर झेंडूचं फूल ठेवायची. आज सकाळीही ती जमिनीवर बसून पंप मारत होती, तेव्हा सर दारातून आत आले.

"वहिनी, पंक्चर झालंय का?"

"दर वर्षी भरायची असती हवा," मामी वर न बघता म्हणाली.

"जुगाड चांगलाय. पण आवाजाचे पाय जमिनीला टेकत नाहीत हो याच्यात. गोड आहे, पण तरंगता."

मामीनं पंपाची नळी पुढच्या वळ्याला लावली. थोड्या वेळानं मामाला म्हणाली, "ते होसमनी वाजवतील का हो हे?"

"काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे. दिवा लावून. लई शोभतंय."

"म्हणजे वाजवायचे नाहीत."

तिचा तो आवाज ऐकून मी तोंड घातलं. म्हटलं, मामा, फरक खरंच आहे का ते आधी बघू. सरांना डोळ्यांनी दिसू नये असं करू. सरांना ओळखता आलं नाही, तर जुनं घरातच राहील.

मामानं सरांकडे पाहिलं. सर खुशीत होते. "घाल की परीक्षा! चाळीस वर्षं मी पोरांच्या घेतल्या."

"आणि सरांनी ओळखलं," मामा बोट नाचवत म्हणाला, "तर परत हा विषय काढायचा नाही. तू पण नाही आणि तुझ्या मामीनं पण नाही."

मामीनं मान हलवली आणि आतून आंतरपाट काढून आणला.

सरांची एकच अट होती. दुपारच्या आत आटपायचं. "सुट्टीच्या दिवशी, सणावाराला मी परीक्षण करत नाही, आज तुमच्यासाठी. सण चढला की करंट पातळ होतो. आवाज वाळतो." ते नवं यंत्र ऐकायला आले होते, म्हणून आपला व्होल्टेज स्टॅबिलायझरही पिशवीतून घेऊन आले होते, त्यावर विजेचा दाब दाखवणारा काटा होता. खरं तर खंडेनवमीला माग बंदच असतात, पण मुरदंडेकाकांचा माल अडला होता, म्हणून सकाळची पाळी चालू ठेवून दुपारी पूजा करायचं त्यांनी ठरवलं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण जिन्यात काकांनीच सांगितलं होतं आणि त्यांच्या घरच्या नैवेद्याचा वासही येत होता. मागांच्या आवाजावरून कळलं असं मात्र नाही. इचलकरंजीच्या माणसाला माग ऐकू येत नाहीत. जन्मापासून चोवीस तास चालणारी गोष्ट कान कशाला मोजतील?

प्रयोग मी नीट मांडला होता. पुण्याच्या कॉलेजातलं आवाज मोजायचं यंत्र माझ्याकडेच होतं, त्यावर बघून दोन्ही टर्नटेबलांचा आवाज तंतोतंत सारखा केला होता, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. सुया एकाच जातीच्या. तबकडी एकच, विलंबित ख्यालाची, मागे तंबोरे भरून. कुठलं यंत्र कधी, हे मी नाणं उडवून ठरवत होते.

पहिल्यांदा नवं लावलं. सुई तबकडीच्या कडेला टेकली, गाणं सुरू व्हायच्या आधीची ती कोरी खरखर आली. सर डोळे मिटून म्हणाले, "नवं."

"अजून गाणं सुरू झालं नाही, सर!"

"नवं. लिही."

दुसऱ्यांदाही नवंच आलं. "नवं." मग जुनं. "जुनं. बघ, तरंगतंय." मग जुनं, नवं, जुनं. सरांचं एकही चुकेना. मी नाणं उडवत होते आणि वहीत खुणा करत होते. खरं सांगते, मला मामीसाठी वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंद होत होता. मी धरूनच चालले होते की परीक्षणं लिहिणारी माणसं शब्दांचे फुगे फुगवतात. आणि इथं एक माणूस कोऱ्या खाचेवरून यंत्र ओळखत होता! म्हणजे फरक होता. मोजता येण्यासारखा, पकडता येण्यासारखा काहीतरी फरक होता आणि तो काय आहे ते मला माहीत नव्हतं. यापेक्षा भारी काय असतं?

"सर, काय ऐकू येतं तुम्हाला? नेमकं?"

"खाली काहीतरी उभं असतं गं. गाण्याच्या खाली. जमीन असते."

मी आंतरपाटामागून स्पीकरकडे पाहिलं. नव्याची सुई कोऱ्या खाचेत होती आणि मोठ्या स्पीकरचा काळा पडदा बेडकाच्या गळ्यासारखा हलत होता. आवाज जवळजवळ नाही, पण पडदा आत-बाहेर, आत-बाहेर. जुन्यावर सुई ठेवली, पडदा गप्प. मला वाटलं, हीच नव्याची ताकद. मी मनात नोंद केली आणि पुढे गेले.

"झालं का समाधान?" मामा उठला. "होसमनींना सांगतो, लवकर या. आज पूजा नव्याचीच."

मामीनं ताटातलं झेंडूचं फूल उचललं, जुन्या पेटीवर ठेवलं, परत उचललं. मग ते हातातच धरून ती स्वयंपाकघरात गेली. मामा मोबाइल घेऊन गच्चीवर गेला आणि अर्धा तास बोलतच राहिला; मी वहीतल्या खुणा तपासत बसले.

"चेहरा का पडलाय तुझा?" सरांनी मला विचारलं.

"पडलेला नाही सर. मला कळत नाहीये, म्हणून असा झालाय."

"मग अजून एकदा लाव. ओळखायचं म्हणून नको. जरा ऐकू तरी दे निवांत. लाव नवंच."

मी नवं लावलं, आंतरपाट तसाच होता. तंबोरे सुरू झाले, गाणाऱ्या बाईंनी षड्ज लावला. थोडा वेळ गेला. सरांच्या कपाळाला आठी पडली.

"मी नवं म्हटलं होतं."

"नवंच आहे, सर."

"गंमत करू नको. हे जुनं आहे. तरंगतंय."

मी आंतरपाट बाजूला केला. तबकडी नव्यावर फिरत होती. सर उठून जवळ आले, वाकून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"करंट पातळ झाला," ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? सण आहे. दुपार झाली."

मी त्यांच्या स्टॅबिलायझरकडे पाहिलं. काटा सकाळी होता तिथंच होता. तसूभरही हलला नव्हता.

"करंट तोच आहे, सर."

"मग?"

मी सुई उचलून कोऱ्या खाचेत ठेवली आणि स्पीकरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा स्थिर होता. बेडूक मेला होता. वीज तीच, सुई तीच, तबकडी तीच, यंत्र तेच. मग बदललं काय? मी टेबलावर तळहात ठेवला. टेबल गार आणि शांत होतं. आणि सकाळी, नाणं उडवताना मी याच टेबलाला टेकले होते, तेव्हा माझ्या कोपराला बारीक झिणझिण्या येत होत्या!

खालून घंटेचा आवाज आला. पूजेची घंटा. इतका स्पष्ट की मी दचकले. एरवी मुरदंडेकाकांच्या घंटेचा आवाज वर येत नाही.

"सर!" मी ओरडले. "माग बंद झालेत!"

"मग होणारच की, पूजा—" सर बोलता बोलता थांबले. ते स्पीकरकडे वळले.

मी जिना उतरत नव्हते, पडत होते. शेडमध्ये सगळे माग धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभे होते. मुरदंडेकाका नव्या शर्टात, हातात हळदीकुंकवाचं तबक, पहिल्या मागापुढे उभे. काकू, कामगार, पोरंटोरं मागे. काकांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं.

"काका, थांबा! कुंकू लावू नका!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं, सणाच्या दिवशी काय बोलतीस!"

"तसं नाही काकू! काका, एकदा कुंकू लागलं की—"

"की उद्याचा दसरा होईपर्यंत मागाला हात लावत न्हाई," काका म्हणाले. "आमच्या बापानं लावला न्हाई, मी लावत न्हाई."

"म्हणूनच! लागायच्या आधी जरा चालू करा. दोनच मिनिटं."

"का गं?"

"वर खर्ज गेलाय."

"काय गेलंय?"

"खर्ज! गाण्याचा खर्ज!"

"मग पोलिसात सांगा की," काका म्हणाले आणि कामगार खो खो हसले. पण काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला धाप लागली होती आणि मी बहुतेक नाचत होते. "शिकून असं होतं व्हय? बरं. दत्त्या, माळा जरा वर धर. कोपऱ्यातला एक लाव."

दत्त्यानं बटण दाबलं. धोटा खडाडला. एक माग सुरू झाला.

जिन्याच्या तोंडातून सरांचा आवाज आला, "आला! थोडासा आला!"

"अजून लावा काका!"

दुसरा लागला, तिसरा लागला. सर वरून ओरडत होते, "चढतोय! चढतोय गं!" मी परत वर धावले. सर, सत्तरीचे मगदूम सर, पांढऱ्याशुभ्र लेंग्यात फरशीवर पालथे पडले होते. नाक स्पीकरच्या पडद्याला टेकायचं बाकी होतं. पडदा पुन्हा धडधडत होता.

"जुन्यावर ठेव," ते न उठता म्हणाले. मी सुई जुन्यावर नेली. पडदा थांबला. "नव्यावर." हलला. "जुन्यावर." थांबला. आम्ही हे किती वेळा केलं कोण जाणे. प्रत्येक वेळी आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडत होतो. गच्चीवरून मामा धावत आला, स्वयंपाकघरातून मामी.

"काय झालं? पडले का सर?"

"पडलो नाही, नंदू. सापडलो." सर उठून बसले. खालचे माग एकेक करून बंद झाले आणि पूजेची घंटा परत सुरू झाली. सरांनी लेंग्यावरची धूळ झटकली. मग सर म्हणाले, "माझ्या घराच्या भिंतीला लागून कुलकर्ण्यांची शेड आहे. म्हणजे बारा वर्षं मी यंत्रांची परीक्षणं लिहीत नव्हतो. मागांची लिहीत होतो."

मी मामाला समजावून सांगितलं. माग जमीन हलवतात. जमीन टेबल हलवते. नवं यंत्र कडक पायांवर टेबलाला घट्ट बसलेलं, म्हणून तो हादरा सुईपर्यंत जातो आणि सुई तो गाण्याच्या खाली मिसळते. जुनं हवेवर बसलेलं, म्हणून तिथवर काही पोचत नाही. तरंगतं, हे सरांनी बरोबर ऐकलं होतं.

"पण सकाळी सरांनी ओळखलं की!" मामा म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. होसमनी निघाले असतील."

"सकाळी मी टर्नटेबल ओळखलं नाही रे, माग ओळखले," सर म्हणाले. "टर्नटेबल ओळखायची वेळ आली तेव्हा चुकलो. अट काय होती? होसमनींचा नंबर लाव. मी बोलतो त्यांच्याशी."

मामी जुन्या पेटीपाशी गुडघ्यावर बसली होती. ट्यूबच्या एका वळ्यावर ती अंगठा दाबून बघत होती.

"बाबा पहिल्यांदा इथं आले ना," ती म्हणाली, "दिवाळसण होता आमचा. हे टर्नटेबल घेऊन आले होते. रात्री राहिले. सकाळी उठून म्हणाले, पोरी, तुला इथं झोप कशी लागती? मी म्हटलं, का, काय झालं? मला तोवर सवय झाली होती ना. काही बोलले नाहीत. यंत्र परत मिरजेला नेलं आणि आठ दिवसांनी आणलं, तर त्याला ही ट्यूब. मला वाटलं, गंमत केली असंल."

"मिरजेचे होते ते," सर म्हणाले. "त्यांना ऐकू येत होतं."

मग त्यांनी मोबाइल काढला. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उल्हास खाली उतरला आणि मला भीती वाटली. ते म्हणाले, "ठाण्याच्या एक बाई आहेत, परुळेकर. त्यांनी माझं वाचून यंत्र घेतलं आणि मला लिहिलं, सर, तुम्ही म्हणता तो खर्ज माझ्याकडे येत नाही. मी काय उत्तर पाठवलं ठाऊक आहे? बाई, तुमचा कान अजून तयार व्हायचाय." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "आधी त्यांना फोन करतो. होसमनी नंतर."

त्यांनी खरंच आधी तो फोन केला, आमच्या सगळ्यांसमोर, स्पीकरवर टाकून. बाई आधी घाबरल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी आता दोन यंत्रमाग विकत घेऊ का?" सर म्हणाले, "घ्या. मुरदंडे लावून देतील."

होसमनी वाटेतूनच परत फिरले. थोडे चिडले होते म्हणे.

पूजेला मामीनं ताट आणलं. पेटीला हळदकुंकू लावलं, चारी ट्यूबांना लावलं, पंपालाही लावलं. थोडं थांबून नव्या यंत्रालाही लावलं. "त्याची काय चूक?" ती म्हणाली. एक फूल उरलं. सरांनी हात पुढे केला.

"मला द्या वहिनी. माझं हत्यार राहिलं."

त्यांनी झेंडूचं ते फूल कानामागं खोवलं. मामा हसला. सर नाही हसले. "खंडेनवमीला पूजा करायच्या आधी हत्याराला धार लावतात," ते म्हणाले. "माझं उलटं झालं. आता लावतो."

पुढच्या आठवड्यात 'कानोसा'वर लेख आला. त्यात त्यांनी सगळं लिहिलं, फरशीवर पालथं पडल्याचंसुद्धा. त्यानंतरचं त्यांचं प्रत्येक परीक्षण 'माग चालू' किंवा 'माग बंद' या दोन शब्दांनी सुरू व्हायचं. मला वाटलं होतं, लोक त्यांना सोडून जातील. काही गेले. परुळेकर बाई गेल्या नाहीत. मीही अजून सुई घेताना त्यांचंच वाचते आणि बंगळूरच्या प्रयोगशाळेत एखादा आकडा फार छान आला की पहिल्यांदा टेबलावर तळहात ठेवते.

पण त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते नंतरचं. दसरा झाला, सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुरदंडेकाकांच्या शेडमधला पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. मी आमच्या घरात, माझ्या जन्मापासूनच्या खोलीत झोपले होते.

आणि मला जाग आली.